दहापैकी आठ

भाच्याने परदेशातून आणलेली महागडी व्हिस्की मी नेमकी त्या पेल्यात ओतली, ज्यात बायकोने पोटदुखीसाठी हिंग कालवून ठेवला होता. स्वयंपाकघरात मी काही स्वतःहून केलं की असंच होतं. वर तो पेला पाहुण्यांच्याच हातात दिला.

पाहुणे वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीची पारख करतात. कांडी मोडून नाकाशी नेली की सांगतात, "ही हट्टा गावची. शिजवताना घाई केली लेकाच्यानं." त्यांच्या नाकावर बोली चढते, उतरते. म्हणूनच व्हिस्कीला गुण द्यायला त्यांना बोलावलं होतं.

आज त्यांनी आधी बाटलीचा खोका घेतला आणि अक्षर लावत बराच वेळ वाचला. राय धान्याची, शेवटी वाइनच्या पिंपात मुरवलेली. मग डोळे मिटून पेला हुंगला, घोट घेतला. हिंगाचा भपकारा मला टेबलापलीकडे येत होता.

"व्वा! मध हाय, जराशी दालचिनी. धापैकी आठ द्या, भाऊ."

मध आणि दालचिनी खोक्यावर छापलेली होती. मी हसायला गेलो आणि जमलं नाही. त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"कशाचा वास येऊन राहिला?"

"हिंगाचा."

त्यांनी पेला हळूच खाली ठेवला. "दोन महिने झाले, कशाचाच येत न्हाई. मोंढ्यात बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

बायको म्हणजे काही मोंढा नव्हे, म्हणून ते गेल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नाही बोलणार हो. पण आता तुम्हाला पाहिलं की ते रस्ता बदलतील."