चाचणीच्या यादीतलं तिसरं नाव

मी मुळातच भित्री. घराबाहेर पडले की गॅस बंद केला का हे बघायला पुन्हा जिना चढते आणि कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय स्कूटर चालू करत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या हातून कधी काही चुकायचं नाही, कारण तू काही करतच नाहीस, नुसती तपासत बसतेस. त्या शनिवारी नेमकं तपासायचं तेवढं राहिलं.

राजारामपुरीत घरी बसून मी लोकांना लहानमोठे प्रोग्रॅम करून देते. एक विवाह मंडळ हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते चालवणारे गृहस्थ निवृत्त मास्तर आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. मंडळाकडं आलेली स्थळं एका बाहेरच्या ऑनलाइन सेवेत साठवलेली असतात आणि निरोपही तिथूनच लोकांच्या मोबाइलवर जातात. कोड लिहायला मी हल्ली एआय वापरते. काय हवंय ते मराठीत सांगायचं, तो लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर निमूट दुरुस्त करतो. इतका गुणी सहकारी मला आजवर भेटलेला नाही. तोवर तो माझ्या लॅपटॉपपुरताच होता. आता त्याला त्या सेवेशी जोडायचं होतं, म्हणजे यादी तो थेट वाचेल आणि निरोपाची नवी सोय स्वतःच तपासून बघेल.

असले प्रयोग खऱ्या माणसांच्या माहितीवर करायचे नसतात, एवढी अक्कल मला आहे. म्हणून आठवडाभर आधीच मी सरांना म्हणाले होते, "सर, मला एक खोटी यादी करून द्या. पाचसहा खोटी नावं, खोटे नंबर."

सरांचा चेहरा पडला. "खोटी? बाई, आमच्या मंडळात आजवर एक खोटं स्थळ न्हाय."

"चाचणीसाठी हवी सर. कुणाला दाखवायची नाही."

"चाचणीसाठी हाय न्हवं? मग देतो की."

आणि दिली. सेवेत 'चाचणी' नावाची वेगळी यादी दिसायला लागली. मी खूश झाले.

शनिवारी सकाळी दहाला जोडणी केली. हा एआय प्रत्येक पावलाला परवानगी मागतो. यादी उघडू का? हो. रकाने वाचू का? हो. निरोपाचा मसुदा जोडू का? हो. पंधरावीस वेळा हो म्हटल्यावर माझं बोट आपोआप चालायला लागलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बारीक केला, परत आले आणि लिहिलं, "यादीतल्या पहिल्या तिघांना पसंतीचा निरोप पाठवून बघ." त्यानं काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं.

उत्तर आलं, तीन निरोप पाठवले, तिन्ही पोहोचले.

मी ते वाचलं आणि चहाचा कप उचलला. मग तो तसाच खाली ठेवला. खोट्या नंबरावर निरोप पोहोचेल कसा?

वर सरकवून बघितलं. त्यानं मला विचारलं होतं, "या यादीतली नावं आणि नंबर खऱ्या व्यक्तींचे असावेत असं दिसतं. तरीही पाठवू का?" आणि खाली माझं हो होतं. जे मशीनला दिसलं ते मला दिसलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "व्हय, खरीच हायत. खोटी नावं कुठनं आणू? ज्यांचं लई वर्षं जमंना ती स्थळं घातली. म्हटलं, चाचणीत तर चाचणीत, त्यास्नीबी जरा नंबर लागू दे."

त्यांच्यावर ओरडत बसायलाही वेळ नव्हता. निरोपात मीच लिहिलं होतं, 'अभिनंदन. आपलं स्थळ पसंत आहे. पुढील माहिती मंडळाकडून कळेल.'

पहिल्या घरी फोन लागला. त्यांच्या मुलीचं मागच्याच वर्षी लग्न झालं होतं, मंडळाला कळवायचं राहिलं होतं. ते लोक पोट धरून हसले. दुसऱ्या घरच्या आईनं मला यथेच्छ झापलं. "पोरीबाळींचा खेळ मांडलाय व्हय गं?" म्हणाल्या आणि फोन आपटला. ते ऐकून मला उलट बरं वाटलं. शिव्या खाल्ल्या की माझी भीती थोडी उतरते.

तिसरा फोन कळंब्याचा. तो बिझी होता. पाच मिनिटांनी लावला, बिझी. पुन्हा लावला, बिझी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो माणूस सगळ्यांना आनंदाची बातमी सांगत होता. मी इथं बसून बटण दाबत होते आणि दर मिनिटाला आणखी एका नातेवाइकाला कळत होतं. यादी उघडून बघितली. मुलगी छत्तीस वर्षांची, मंडळात नाव घालून सात वर्षं झालेली.

मी स्कूटर काढली. गॅस बंद केला का, कुलूप ओढलं का, काही आठवत नाही. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. तांत्रिक अडचण म्हणू? मंडळाची चूक म्हणू? मशीनची म्हणू? कळंब्याच्या तलावाजवळ एकदा वाटलं, परत फिरावं आणि हे काम सरांवर ढकलावं. कुणी मारेल याची भीती नव्हती. त्या घरातल्या माणसांचे चेहरे माझ्यासमोर बदलतील, आणि ते मला बघावं लागेल, याची होती.

वडील दारातच उभे होते, फोन कानाला. मंडळातनं आले म्हटल्यावर फोन ठेवून ते दोन पायऱ्या उतरूनच आले. "या बाई, या! म्हटलं, फोन येईल, तर तुमी सोताच आला!" आतून बायकी आवाज आला, "आलो, आलो, पाणी घिऊन आलो." ही मुलीची आई. त्यांनी हातात तांब्या दिला, माझ्या तोंडाकडं बघून हसल्या आणि तशाच पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

"पोरगं काय करतंय?" वडिलांनी विचारलं. "न्हाय, काय का करंना, आमचं काय म्हणणं न्हाय. गडहिंग्लजास्नं भन निघाली बी. एष्टीत बसली."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. ती एका दवाखान्यात औषधं द्यायला असते. सुट्टी काढून घरी आली होती, केस अजून ओले होते. तिनं मला बघितलं आणि ती हसली नाही. तिला कळलं असावं, असं मला आजही वाटतं.

मी जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. निरोप चाचणीचा होता. कुणाचं काही आलेलं नाही." तांब्या तसाच खाली ठेवला.

वडील खिशातून फोन काढून, चष्मा लावून अंगणात गेले. बहिणीला अर्ध्या वाटेतून परत पाठवायचं होतं. तिथून त्यांचा आवाज येत होता, "न्हाय गं, न्हाय. उतर तिथंच."

मुलगी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "म्हंजे हे मशीननं पाठवलं?"

"मशीननं. पण हो मी म्हटलं."

"मग हे?" तिनं आपला फोन माझ्यापुढं धरला. खाली खाली सरकवत गेली. मंडळाकडूनच आलेले अकरा निरोप होते, सात वर्षांतले, आणि एकही तिनं पुसला नव्हता. 'क्षमस्व. सध्या योग दिसत नाही.' अकराच्या अकरा तसेच. "हे नकार तर माणसांनीच दिलं असतील न्हवं?"

त्या दिवशी खरी घाबरले ती या प्रश्नाला. कारण हे शब्दही माझेच होते. मंडळाचा पहिला प्रोग्रॅम केला तेव्हा सर म्हणाले होते, लोकांना ताटकळत ठेवू नये. म्हणून मी एक नियम घातला होता. समोरच्या घरानं पंधरा दिवसांत काहीच कळवलं नाही, तर हा निरोप आपोआप जायचा. खरा नकार देणाऱ्यांसाठी वेगळा निरोप होता, तो या अकरांत कुठंच नव्हता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण तिनं अजून फोन माझ्यापुढून हलवला नव्हता.

मी सांगितलं, सगळं. पंधरा दिवसांचा नियम, तो कुणी घातला तेही.

तिनं फोन मांडीवर उपडा ठेवला. "म्हंजे मला कुणी न्हाय म्हटलंच न्हाय," म्हणाली. "कुणी फॉर्म तरी उघडला होता का कुणास ठाऊक."

"मला माफ कर," मी म्हणाले.

"माझं ऱ्हाऊ दे." तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "पर आईला हे सांगा. पयला मेसेज आला तवा तिनं सोमवार धरला. दुसऱ्याला गुरुवार. मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. आता आटवड्यातनं तीन दिवस ती जेवत न्हाय. देव न्हाय म्हणतोय असं वाटतंय तिला. मी सांगून ऐकत न्हाय. तुमचं ऐकंल, तुमी मंडळातल्या हाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलीची आई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाहेरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, पाठीवरून कळत नव्हतं. ताट एकच घेतलेलं होतं, माझ्यासाठी, आणि त्यात चपात्या आणि भाजी वाढून झाली होती.

"बसा बाई," त्या न वळता म्हणाल्या. "दोन घास खाऊन जावा. माझा शनिवार हाय."

"अजून एक ताट घ्या," मी म्हणाले. "तुमचं. मग सांगते."