अडलेली गाय आणि संत इसिदोर

तरुणपणी मी एका संताला पाण्यात बुडवून विरघळवलं. दुष्काळाचं साल होतं. गावकऱ्यांनी पावसासाठी महादेव कोंडला, म्हणजे पिंडी बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरून दार लावून घेतलं. मला वाटलं, त्यांचा देव पाण्यात, मग आमचाच कोरडा कशाला? आमच्या ख्रिस्ती वस्तीत शेतकऱ्यांच्या संताची, इसिदोरची, मूर्ती पाळीपाळीनं घरोघर फिरायची आणि तेव्हा ती नेमकी माझ्याकडे होती. गणपती घडवणाऱ्या माणसाकडून करून घेतलेली, त्यामुळे संताला जरासं पोटही सुटलेलं. त्याला मी बैलासकट कढईत बसवलं, वरून पाणी ओतलं, ताट झाकलं आणि मोठं पुण्य केल्यासारखी झोपले. मूर्ती कच्च्या मातीची आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी कढईत नुसता चिखल होता आणि त्यात बैलाचं एक शिंग. सासूबाईंनी ते शिंग उचलून पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, “बये, तुझ्या हाती देवमाता लागली न्हाई, हे तिचं नशीब.” पाणी टाकून देण्याचे ते दिवस नव्हते, म्हणून त्यांनी त्याच चिखलानं चूल सारवली. पाऊस काही आला नाही.

खरं तर इसिदोर आमच्यातलाच वाटावा असा माणूस. दूर स्पेन देशात तो जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबला, स्वतःचं वावर त्याला कधी मिळालं नाही. पाखरांना धान्य टाकायचा, आपल्या भाकरीतली अर्धी भुकेल्याला द्यायचा. कामावर जाण्याआधी प्रार्थनेला थांबतो म्हणून सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक लपून बघायला गेला तर इसिदोर गुडघे टेकून बसलेला आणि शेतात देवदूत नांगर धरून चाललेले. पुढे मोठमोठ्या विद्वानांच्या पंगतीत पोपसाहेबांनी या शेतमजुराला संत ठरवलं. महिन्यातून एकदा फटफटीवर येणारे फादर हे सगळं जीव ओतून सांगायचे. मला मात्र देवदूतांचा भागच तेवढा आवडायचा. आपण डोळे मिटून बसावं आणि काम परस्पर उरकावं, याहून सोयीचा धर्म कुठला?

फादरांच्याच खटपटीनं आमच्या वस्तीतल्या बायकांची दूध संस्था उभी राहिली होती. संस्थेची गाय जिला मिळेल तिनं पहिली कालवड पुढच्या बाईला द्यायची, असा तिचा रिवाज. गाभण गाय माझ्या दारात होती आणि पुढची पाळी शेजारच्या मार्थाची होती. नवरा गेलेला, पदरात लहान लेकरं, आणि आशा एवढी या कालवडीची. ती रोज संध्याकाळी यायची, स्वतःच्या छपराचा ओढून काढलेला कडबा गाईपुढे टाकायची आणि तिच्या पोटावरून हात फिरवून जायची. छप्पर उघडं पडत चाललं होतं, पण गाईचा घास तिनं चुकवला नाही.

मे महिन्यात इसिदोरचा सण आला. सगळी वस्ती मिस्सेला, म्हणजे फादरांच्या सामुदायिक प्रार्थनेला, गावाबाहेरच्या लिंबाखाली गेली होती. माझे घरधनी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. गाय सकाळपासून उठबस करत होती म्हणून मी एकटी घरी राहिले. भर दुपारी ती अडली. वासराचं नाकाड दिसत होतं, पुढचा एक पाय दिसत होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. गाय कळा देऊन देऊन थकली आणि मान टाकून पडली. ढोरांचा डॉक्टर तालुक्याला, केजला, आणि केजची जीप सकाळीच निघून गेलेली. मी काय करावं? मी जपमाळ घेऊन तिच्या डोक्याशी बसले आणि इसिदोरला बजावू लागले की झालं गेलं विसर, आता तुझे देवदूत पाठव. अर्धी प्रार्थना पाठ होती, अर्धी भीतीनं विसरले, आणि मार्थाला काय तोंड दाखवू एवढंच सारखं मनात येत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पाय धुळीनं माखलेले. कुठल्याशा गावची मनियारीण. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला, पण माळ काही सोडली नाही. पाणी पिता पिता तिचं लक्ष गाईकडे गेलं. पाटी उतरवून ती म्हणाली, “अगं, देवाला मागून सांग. आधी शेपूट धर.”

मी शेपूट धरलं. तिनं हातातल्या बांगड्या भराभर उतरवल्या, माझ्याकडचं होतं नव्हतं ते करडीचं तेल कोपरापर्यंत चोळलं आणि बोटं जुळवून निमुळता हात करून आत घातला. तोंडानं हलकेच पुटपुटत होती, जशी बांगडी भरताना नव्या नवरीला धीर देतात तशी. वासरू थोडं मागे सारलं, आत दुमडलेला पाय मुठीत धरला, सांधा दाबून अलगद पुढे आणला. जन्मभर बायकांच्या हातांची हाडं न दुखवता वळवत आलेली ती बोटं. गाईनं एक कळ दिली, आम्ही दोघींनी ओढलं, आणि वासरू मातीत येऊन पडलं. हललं नाही. तिनं त्याच्या नाकात काडी घातली. ते शिंकलं. मग मी बघितलं, कालवड होती. मी वेड्यासारखी हसत सुटले. मिस्सा सुटल्यावर मार्था आली. ती वासराच्या गळ्यात पडून रडत राहिली. त्या गडबडीत मनियारीण पाटी उचलून निघून गेली होती.

आज मला नातवंडं आहेत आणि वस्तीत मार्थाच्या कालवडीच्या वंशाच्या गाई आहेत. तो चमत्कार होता का, याचा वाद मी घालत नाही. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, एवढं मला कळतं. आपण हाक मारायची, हाताशी येईल ते धरायचं आणि मदत कोणत्या रूपात यावी हे देवावर सोडून द्यायचं. इसिदोरच्या दिवशी मी त्याचे आभार मानते आणि बैलाबद्दल माफीही मागते.

ती बाई मला पुढच्या वर्षी केजच्या बाजारात सापडली. मी तिचे तेच हात धरले आणि सांगितलं की तू माझ्यासाठी देवानं पाठवलेली होतीस. तिनं माझं मनगट निरखलं, मापाच्या बांगड्या काढल्या आणि एकेक चढवता चढवता म्हणाली, “असंल बाई. पण मी तर वाट चुकलते, पाणी प्यायला आलते. काय काम हाय ते पाठवणाऱ्यानं मलाबी सांगितलं न्हाई.”