फुगलेलं बोंड

नात नखांचा रंग पुसायला बसली, की त्या अ‍ॅसिटोनच्या वासानं मी आजही उठून खिडकी उघडते. आमची द्राक्षबाग, तिथं घड फुगावेत म्हणून ते जीए नावाच्या वाढीच्या औषधात बुडवतात, आणि जीएची पावडर आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात, त्याचाच हा वास. खूप वर्षांपूर्वी ओसरीत माझ्या व्हायोलेटच्या फुलझाडांच्या कुंड्या असायच्या. बहिणीनं मरणाआधी दिलेलं पांढरं झाड सडत चाललेलं, पानापासून नवं रोप होतं म्हणून पान लावून पाहिलं तर तेही कुजलं. मग त्याच्या शेवटच्या फुलाचे पराग मी माझ्या जांभळ्या फुलाला लावले आणि एकच बोंड धरलं. त्यात बी भरलं तरच बहिणीचं काही मागं उरणार होतं. मला कुठला धीर! मालक, म्हणजे नातीचे आजोबा, बागेत गेल्यावर मी ते बोंड जीएत बुडवलं. आठ दिवसांत देठ सापासारखा लांबला, बोंड टरटरून फुगलं. मालकांनी कुंडी उचलून पाहिली. “काय पाजलंस गं ह्याला?” “आवं, तुमचंच औषध. लय फुगलंय न्हवं?” “येडे, आपल्या द्राक्षात बी असतंय व्हय? ह्या औषधानं नुसतं फुगतंय, बी भरत न्हाई.” माझं हसू तिथंच थिजलं. तरी पुढं कितीतरी महिने मी रोज त्या बोंडाला पाणी घालत राहिले. वाळल्यावर तळहातावर फोडलं, तर आत नुसती हवा. नातीला यातलं काही सांगत नाही, एवढंच म्हणते, बाई गं, आधी त्या बाटलीचं झाकण लाव.