दादाच्या गाडीचे अकरा नियम

दादाचं शेवटचं वाक्य गाडीबद्दल होतं. "थंड होऊ दे तिला," तो म्हणाला, "धा मिन्टं... मग घेती ती गिअर." मी घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. वेळ टिपून ठेवायची मला सवय आहे, म्हणून ही वेळही माझ्याकडे आहे. नसती तर बरं झालं असतं.

याला आता पाच आठवडे झाले. दादा माझा थोरला भाऊ, आळेफाट्यावर ट्रॅक्टरचं गॅरेज चालवायचा. त्याने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी आळ्याला त्याच्याकडे राहायला आले आणि सगळ्या याद्या माझ्याकडे आल्या: किराणा, औषधं, सुटे भाग, कुणाचा ट्रॅक्टर कधी द्यायचा. "हिनं माझ्या मरणाची बी यादी करून ठेवली असंल," असं तो गॅरेजमधल्या त्याच्या जोडीदाराला, लक्ष्मणला सांगायचा. ती तेवढी केली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी जॅक सरकला आणि ट्रॉली त्याच्या डाव्या पायावर आली. गुडघा कायमचा आखडला, क्लच दाबता येईना. सगळे म्हणाले, ऑटोमॅटिक घे. पण ज्याचा जन्म दुसऱ्यांचे गिअरबॉक्स उघडण्यात गेला, त्याला गिअर आपोआप पडणं म्हणजे अपमान वाटायचा. "पाय न्हाई तर न्हाई, हात हायेत ना. गिअर आपुनच टाकायचा." मग एक दिवस तो पुण्याहून जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन सीटांची, जमिनीला टेकलेली. तिच्यात गिअर आणि क्लच साध्या गाडीसारखेच होते, फक्त क्लचचं पायडल नव्हतं. क्लच दाबायचं काम एक पंप करायचा, आणि गिअर आपण स्टेअरिंगमागच्या दोन पट्ट्यांनी टाकायचे. आधीच्या मालकाने कंटाळून विकली होती. फाट्यावर लोकांनी विचारलं, "राव, पावणं कुठं बसवणार?" दादा म्हणाला, "पावणं चालत येतील. त्यांचे पाय धड हायेत."

मालक का कंटाळला ते आठवड्यात कळलं. प्रत्येक गिअरला गाडी क्षणभर श्वास धरल्यासारखी थांबायची आणि मग झटका द्यायची. शेजारी बसलेल्या माणसाची मान पुढे जाऊन मागे यायची. "बघ," दादा म्हणाला, "जल्मात पयल्यांदा माझ्या बोलण्याला मान डोलावलीस." महिनाभरात त्याने तिची खोड ओळखली. गिअर बदलताना अ‍ॅक्सिलेटर किंचित सोडायचा, की झटका नाही. आमचे रविवार त्या गाडीत जायचे. गतिरोधकाला तिचं पोट घासायचं म्हणून मी आधी उतरायचे, वाकून बघायचे आणि हात करायचे. आळे ते घोडेगाव कुठे कुठे उतरायचं, त्याचीही माझ्याकडे यादी आहे.

त्याने मला ती चालवायला शिकवली ती माझ्याच हट्टाने. उद्या तुला काही झालं तर, असं मी म्हणाले होते... मी डायरी उघडली, त्याने सांगितलं, मी लिहिलं. अकरा नियम झाले. पहिला: दार उघडलं की पंपाचा आवाज येतो, तो थांबेपर्यंत किल्ली फिरवायची नाही. चौथा: डावा पाय सीटखाली ओढून बसायचं. "डावा पाय हायेच न्हाई असं समजायचं. माझ्यावानी." सातवा: चढावर थांबलं तर हँडब्रेक ओढायचा, अ‍ॅक्सिलेटरवर गाडी तोलून धरायची नाही, क्लच जळतो. हे माझ्या अक्षरात आहे. सातव्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

त्या रविवारी आम्ही आहुप्याला गेलो होतो, देवराईत. येताना दादाने गाडी बाजूला घेतली. घाम आला होता. पित्त झालंय, तू घे, म्हणाला. तिथे फोनला रेंज नव्हती. मी नीट चालवत होते. घोडेगावच्या वाटेवर, शिनोली गावाच्या बरंच अलीकडे एका चढावर समोर एसटी थांबली होती, कारण वरून एक पिकअप उतरत होती आणि रस्ता अरुंद. मी थांबले आणि गाडी मागे सरकायला लागली. घाबरून माझा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. दादा पुढे आदळला. मग ब्रेकला परत पाय लावायचीच भीती बसली. उजव्या पायाने अ‍ॅक्सिलेटर दाबून गाडी तोलून धरली, तीन मिनिटं, चार मिनिटं... जळका वास आला. एसटी निघून गेली. समोर डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीने गिअर सोडून दिला. दादानेच हँडब्रेक ओढला.

पिकअपवाला आमच्यापाशी थांबला. खाली वाकून म्हणाला, "ताई, पावण्यांना बरं न्हाई का? वळवतो गाडी, चला." दादाने हात वर केला. "जा तू भाऊ. गाडी तापलीय नुसती." पिकअपवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. गाडीचं कळतं ते दादाला, मला नाही, अशी माझ्या मनाची घडी होती. तो गेला. आणि मग दादा ते वाक्य म्हणाला.

दहा वाजून बत्तीस मिनिटांनी गाडीने पहिला गिअर घेतला. अगदी तो म्हणाला होता तसा. मी अ‍ॅक्सिलेटर किंचित सोडत गेले, एकही झटका बसला नाही. दादाची मान तरीही पुढे आली, आणि मागे गेली नाही. घोडेगावला डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी तसा फारसा फरक पडला नसता. त्या 'फारसा'पाशी मी रोज येऊन थांबते. पिकअपवाल्याला मी फक्त हो म्हणायचं होतं. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

लक्ष्मणने गाडी घरी आणली. तिला काहीही झालेलं नाही, त्याने दोनदा तपासलं. दादाच्या शिरस्त्याप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये शेडला लावून गेला. मी रोज सकाळी जाऊन दार उघडते. पंप घुंऽ करतो, सातआठ सेकंद, आणि थांबतो. तेवढा वेळ वाटतं की दादा अंगण ओलांडून पाय ओढत येतोय. परवा लक्ष्मणने पाहिलं. म्हणाला, "ताई, एक तर चालवा, न्हाईतर बॅटरीची वायर काढू द्या. आसं नुसतं दार उघडून बॅटरी बसंल. मग गिअरमधीच अडकंल ती, ढकलता बी यायची न्हाई." मी उद्या सांगते म्हणाले.

आज आवाज बसका होता. चारच सेकंद टिकला. मी डावा पाय सीटखाली ओढून बसले, आवाज पूर्ण थांबू दिला. किल्ली हातात आहे. पुढचा नियम ती फिरवण्याचा आहे... आणि माझ्याच्याने तो होत नाही.