डोंगरभाऊ आणि न येणाऱ्या वहिनी

डोंगरभाऊंना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत. गाव, नोकरी, पगार, काहीच नाही. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्या घरातनं कुठला डोंगर दिसतो?" आमच्या कर्जतला कुठेही मान वळवली तरी डोंगरच दिसतो, पण असं अचानक विचारल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळायची. मी दहिवलीत झेरॉक्सचं दुकान चालवते. भाऊ पहिल्यांदा आले ते कसल्याशा कागदाच्या प्रती काढायला, आणि निघता निघता त्यांनी हा प्रश्न टाकला. मी म्हटलं, "समोरच्या मोबाईलवाल्याची पाटी दिसते." त्यांनी मला मशीनसमोरून उठवून रस्त्यावर आणलं. त्या पाटीच्या मागे माथेरानचा अख्खा डोंगर आडवा पसरला होता. "हे रोज हितंच असतं," भाऊ म्हणाले. "रविवारी दुकान बंद ना तुझं? मग ये."

मी का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक 'नाही' म्हणायला वेळेवर सुचलं नाही म्हणून.

भाऊंचं खरं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त त्यांच्या लाईटबिलावर. कुंभिवलीच्या एका कंपनीत सुपरवायझर म्हणून उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर माणूस जो सुटला तो थेट डोंगरावर. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. "मुंबईची पोरं येतात, पुन्याची येतात, आपला डोंगर बघून जातात. आनि आपन काय करतो? खाली बसून त्यांना वडे विकतो!" आता वडे विकण्यात लाज कसली, हे मला कधी कळलं नाही. वडेवाल्यालाही कळलं नाही. पण भाऊंनी त्याच वडेवाल्याला पुढच्या रविवारी वर नेलं, आणि तो वरून खाली स्वतःची गाडी शोधत बसला, हेही खरं.

त्यांनी क्लब काढला तो अशाच लोकांसाठी. दुकानदार, तहसिलातले कारकून, कंपनीतले कामगार, खालापूरची एक नर्सबाई, म्हणजे डोंगराखाली जन्म काढूनही ज्यांनी डोंगराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती सगळी मंडळी. भाऊंनी हौसेनं घराबाहेर पाटी लावली, 'क्लब. दर रविवारी. सर्वांनी यावे.' झालं! आमच्याकडे क्लब म्हटला की लोकांना पत्त्यांचा अड्डाच आठवतो. पहिल्या रविवारी जे तिघेचौघे आले ते खिशात पत्ते घेऊनच आले. पाठोपाठ सलूनवाल्या संतोषची बायको आली ती पदर खोचून. "माझ्या नवऱ्याला जुगार शिकवता का ओ? वयाची तरी लाज बाळगा!" भाऊंनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "तूपन ये की गं. बघ तरी काय शिकवतो ते." ती आली. आज ती संतोषच्या कितीतरी पुढे चालते आणि वळून त्याला "चला, चला" करत असते. बिचारा संतोष म्हणतो, पत्ते परवडले असते.

लोकांना वाटतं, दहा माणसं गोळा करायची आणि चालू पडायचं, त्यात काय एवढं? भाऊंचं तसं नव्हतं. शनिवारी ते एकटे जाऊन वाट बघून यायचे. "डोंगर तोच असतो, पन वाट रोज ती नसते," असं त्यांचं म्हणणं. कुठे झाड आडवं पडलेलं, कुठे गवत माथ्यापर्यंत वाढलेलं, आणि हल्ली तर काय, कुणीतरी प्लॉट घेतो आणि वाटेवरच तारेचं कुंपण ठोकतो. अशा ठिकाणी भाऊ भांडत नसत. फार्महाऊसच्या वॉचमनपाशी बसायचे, त्याला तंबाखू द्यायचे, त्याच्या गावाकडचा डोंगर विचारायचे. रविवारी तोच वॉचमन आमच्यासाठी फाटक उघडून उभा असायचा. वरच्या वाडीत एका घरी जेवण सांगून ठेवलेलं असायचं. तिथला नियम कडक होता. मोबाईल खिशात, आणि ताटात जे येईल ते गुमान खायचं. एकदा आमच्या कारकूनसाहेबांनी तिथे पापड आहे का म्हणून विचारलं. भाऊंनी नुसतं वळून बघितलं, आणि साहेब खाली उतरेपर्यंत दुसरा शब्द बोलले नाहीत.

आणि "आलंच"! हा तर त्यांचा मंत्र. पाय गळून गेलेत, जीभ टाळ्याला चिकटलीय, "भाऊ, अजून किती?" विचारावं, तर "हे काय, आलंच की." पुढची चढण संपली की त्याच्यामागे आणखी एक चढण. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, तुम्ही धडधडीत खोटं बोलता." म्हणाले, "खोटं कसं? तू आलीसच ना?"

तर अशा या भाऊंनी अर्धा तालुका डोंगरावर नेला, पण त्यांच्या घरातलं एक माणूस काही त्यांच्याबरोबर येईना. आमच्या वहिनी. रविवारी पहाटे उठून सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, लसणाची चटणी बांधून द्यायच्या आणि दारात उभ्या राहून म्हणायच्या, "जावा सावकाश. डोंगर काय पळून नाय चालला." भाऊ दर शनिवारी संध्याकाळी विचारायचे, "उद्या येतेस?" आणि वहिनी हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "नाय." भाऊंनी सगळे उपाय केले. चांगले महागाचे बूट आणून दिले. ते बूट घालून वहिनी मच्छी आणायला जायला लागल्या.

आम्ही यावरून भाऊंची खूप चेष्टा करायचो. पण एकदा पेठच्या किल्ल्यावरून उतरताना ते मला म्हणाले, "सगळा तालुका वर नेईन गं मी. पन घरचं मानूस खालीच राहिलं, तर त्याचा काय उपेग?" मला वाईट वाटलं. एवढा बोलका माणूस, आणि त्याला आयुष्यात हवं होतं ते एवढंच, की बायकोनं एकदा आपल्याबरोबर वर यावं.

मी नाक खुपसायचं ठरवलं. दुपारी वहिनींकडे गेले. त्या वाल सोलत बसल्या होत्या, मीही मूठभर पुढ्यात ओढले. म्हटलं, "वहिनी, एकदा जा की त्यांच्यासाठी. गुडघे दुखतात का?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" वहिनी म्हणाल्या. "तुला काय वाटतं, मी डोंगर चढली नाय? तुमच्या सगळ्या क्लबाहून जास्ती चढली हाय मी. आमचं गाव भिवगडाच्या खाली. मी नि आई उजाडायच्या आत रानात. लाकडं गोळा करायची, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन कर्जतच्या बाजारात यायचं. वाटंत शाळेत जानाऱ्या पोरी भेटायच्या. माझ्याच वयाच्या. लाज वाटायची गं, पन मान खाली घालता यायची नाय. घातली तर मोळी पडंल ना!"

माझ्या हातातला वाल हातातच राहिला.

"स्थळ आलं तवा मी येकच बघितलं, यांच्या घरात गॅस हाय का. होता. तवाच ठरवलं, आता डोंगर लांबनंच बघायचा. यांना हौस हाय, त्यांनी जावं. मी हौसंनं कधी चढली नाय, मला नाय ते जमायचं."

मी हे सगळं भाऊंना सांगितलं. सांगायला हवं होतं की नाही, देव जाणे. ते दुकानाच्या पायरीवर बसले. "मोळ्या विकायची ते ठाऊक होतं मला," म्हणाले. "पन ते मानंचं… ते नवतं ठाऊक." त्या दिवसापासून भाऊंनी वहिनींना विचारणं बंद केलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका शनिवारी भिवगडाचं ठरवायला आम्ही भाऊंच्या घरी जमलो होतो, मी आणि संतोषची बायको. वहिनींनी चहाचे कप असे आदळले की अर्धा चहा बशीत आला.

"काय ओ," त्या भाऊंना म्हणाल्या, "हल्ली विचारत नाय ते? म्हातारी झाली म्हनून?"

भाऊंची तारांबळ उडाली. "अगं, तुला तरास नको म्हनून…"

"तरास झाला तो मला झाला. जायाचं का नाय ते मी ठरवीन. तुमचं काम विचारायचं. विचारा!"

"उद्या येतेस?"

"कुठं?"

"भिवगडला."

वहिनींनी कप गोळा केले. "बघते," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आमच्याकडे 'बघते' म्हणजे 'नाही'च. पण सकाळी आम्ही टमटमपाशी पोचलो तर वहिनी आमच्या आधी हजर, साडी वर खोचून, साध्या चपला घालून. म्हटलं, बूट कुठे? "त्यांना मच्छीचा वास येतो," म्हणाल्या.

अहो, काय चालल्या वहिनी! आम्ही हाशहुश करत मागे, भाऊ त्याहून मागे, आणि वहिनी सगळ्यांच्या पुढे. "अगं हळू, मानसं मागं राहिली!" भाऊ ओरडत होते. वहिनी वरून म्हणाल्या, "या की. आलंच!" संतोष हसून हसून खाली बसला.

पण अर्ध्यावर, जिथून झाडी विरळ होऊन कातळातल्या पायऱ्या लागतात, तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "हितनं पुढं मी कधी गेली नाय." आम्ही चकित झालो. "लाकडं सगळी खालच्या अंगाला. वर नुसता कातळ. वर कशाला जायाचं? आई वरडली असती." लहानपणापासून ज्या डोंगरावर रोज चढल्या, त्याचा माथा त्यांनी पाहिलाच नव्हता. भाऊंनी हात पुढे केला. चार माणसांत वहिनींनी तो धरला, हेच मोठं नवल.

वर पोचल्यावर वहिनी कडेला जाऊन बसल्या. भाऊ शेजारी बसून दाखवायला लागले, ही नदी, हे स्टेशन, तो बाजार, ते तुझं गाव. वहिनी बोटानं गावापासून बाजारापर्यंतची वाट हळूहळू काढत राहिल्या.

"येवढीशीच हाय?" त्या म्हणाल्या.

"हो."

"डोक्यावर असताना संपायचीच नाय ओ."

आणि त्या रडायला लागल्या. भाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली. मी दुसरीकडे तोंड वळवलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

उतरताना वेगळाच प्रकार सुरू झाला. वहिनींनी वाटेतली एक वाळकी फांदी उचलली. मग दुसरी. मी म्हटलं, "वहिनी, घरी गॅस आहे ना?" तर म्हणाल्या, "बंबाला होतील. येवढं चांगलं लाकूड टाकून जायचं? जीव तुटतो." बघता बघता वेलीनं आवळलेली मोळी तयार झाली. त्या ती उचलणार, तेवढ्यात भाऊ आडवे आले. "दे हिकडं."

"तुमाला नाय जमायचं."

"दे म्हनतो ना."

वहिनींनी भाऊंच्याच नॅपकिनची चुंबळ केली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि वर मोळी चढवली. मग काय विचारता! पुढे वहिनी दोन्ही हात झुलवत, मागे आमचे डोंगरभाऊ झोकांड्या खात. वहिनी पुढून सूचना देत होत्या, "मान ताठ! पायाकडं बघू नका!" पायथ्याच्या गावात एक म्हातारी अंगणात बसली होती. तिनं वहिनींना ओळखलं. "अगं शेवंता, जावयाला मोळी व्हायला लावलीस व्हय गं?"

"मग!" वहिनी म्हणाल्या. त्यांचं नाव शेवंता आहे, हे क्लबाला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर वहिनी दर रविवारी यायला लागल्या आणि दर रविवारी मोळी व्हायला लागली. भाऊंची मान आखडली. डॉक्टरांनी विचारलं, या वयात काय उचलता? भाऊ म्हणाले, "घरचं काम." आम्ही म्हटलं, वहिनी, बंब तो केवढा आणि लाकडं किती, अर्धं परस भरलं की! त्या ऐकायच्या नाहीत. भाऊही त्यांना कधी नको म्हणाले नाहीत. घामाघूम व्हायचे, पण मोळी उंबऱ्यापर्यंत न्यायचे आणि वर आमच्याकडे बघून मिशीत हसायचे.

गेल्या वर्षी भाऊ गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. शेवटच्या शनिवारीसुद्धा वाट बघून आले होते. आता ते काम माझ्याकडे आहे. मी वॉचमनला तंबाखू देत नाही, माझा एक बिस्किटपुडा असतो, पण फाटक उघडतं. नव्या माणसाला घरातून कुठला डोंगर दिसतो, हे मीही विचारते. भाऊंची आठवण रोज येते, आणि येते तेव्हा हसूच येतं आधी.

भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वहिनी येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या. आम्ही सगळे जपून बोलत होतो, त्या मात्र नेहमीसारख्या पुढे. उतरताना वाटेवर ऐनाची वाळलेली फांदी पडली होती, सरळ, हाताच्या जाडीची, वहिनींनी एरवी कधीच सोडली नसती अशी. त्या थांबल्या. मी पटकन पुढे होऊन म्हटलं, "घ्या वहिनी. मी नेते डोक्यावर."

"नको," वहिनी म्हणाल्या. "लाकडं कुनाला पायजे होती गं? माझं वझं ते डोक्यावर घ्यायचे, ते बघायला बरं वाटायचं."

आणि फांदीवरून पाय टाकून त्या पुढे गेल्या.