माळ्यावरची छत्री

"हात दाखव."

दुकानात पाऊल टाकलं की त्याचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. माझा हात उलटासुलटा करून बघायचा, नाकाजवळ नेऊन हुंगायचा. मशीनच्या तेलाचा वास आला की म्हणायचा, "मास्तर, साबण." माझ्याच दुकानात मला हात धुवायला पाठवणारा हा एकच माणूस. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या तोऱ्याचा राग येतो आणि वाटही त्याचीच बघतो आपण.

उल्हासनगरात माझं जीन्स शिवायचं दुकान होतं. मी तिसरी शिकलेला, पण माझ्या टाक्याला नावं ठेवणारा अख्ख्या बाजारात कोणी नव्हता. हा विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचा, अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर ड्युटी करायचा. आधी फौजेत विमानातून उड्या मारायचा. फौज सुटल्यावर एका क्लबात मारायला लागला. तिथे एका गोऱ्याकडून त्याची वापरलेली छत्री घेतली. छत्री म्हणजे पॅराशूट. मग एकदा वाईट आपटला, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर बंद. वर्षाची सात वर्षं झाली. 'सोडलं' हा शब्द त्याने कधी काढला नाही. "सध्या बंद आहे," म्हणायचा, जसं काही दुपारचं दुकान.

त्याची खोली गळकी, म्हणून छत्री माझ्या माळ्यावर. माळा कोरडा होता हे एक, पण खरं कारण माझं कटिंगचं टेबल. दुकानाच्या लांबीएवढं. दर दोन महिन्यांनी शुक्रवारी, लाइटच्या सुट्टीला मशीनं बंद असली की तो यायचा. छत्री पसरायचा, एकेक दोरी बोटांतून काढायचा, कापडाला वारा द्यायचा आणि सैल गुंडाळून सुती पिशवीत ठेवायचा. मी पलीकडचं टोक धरायचं. बोलायचं नाही.

त्याच्या अटी: ऊन नको, ओल नको, वर वजन नको, माळ्यावर खाण्याची वस्तू नको. मी म्हटलं, "डांबरगोळ्या टाकतो. तीस वर्षं कापड सांभाळलंय मी."

"तुझ्या पँटीत टाक. पँट उसवली तर माणूस नागडा होतो मास्तर, ही उसवली तर मरतो."

समोरचा बटणवाला सिंधी शेठ ओरडायचा, "अरे फौजी साईं, कब उडेगा? तब तक तो मेरी मय्यत निकल जाएगी!"

"निकलने दो. ऊपर से फूल डालूंगा." मान वर न करता.

एका वर्षी गावाहून तांदूळ आले. घरात जागा नव्हती, पोतं माळ्यावर टाकलं. पंधराच दिवस. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पोतं उतरवताना छत्रीच्या पिशवीला भोक दिसलं. आत बघितलं तर छत्रीलाही, चार बोटं जातील एवढं. विठ्ठलवाडी काय लांब होती? चालत वीस मिनिटं. पण सांगायचं म्हणजे तांदूळ सांगायचे. आणि खरं लिहितो, मनात दुसरंही होतं. इतकी वर्षं माझे हात हुंगले ना, आता बघ माझा टाका. गुरुवारी दुपारी जेवण सोडून बसलो. आतून ठिगळ, जाड सुई, जीन्सचा दोरा, दुहेरी शिलाई. नवी पँट लाजेल अशी.

दुसऱ्याच दिवशी तो आला, हसत. हात बघायचंही विसरला. खिशातून क्लबाचं पत्र काढून मला दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टरने पास केलं होतं. पुढच्या आठवड्यात चाचणीची उडी, छत्री स्वतःची आणायची. पंचेचाळिशीनंतर ते कोणाला घेत नव्हते, आणि याला चार महिने उरले होते.

छत्री पसरली. ठिगळापाशी त्याचा हात थांबला.

"हे कोणी?"

"मी. खोट काढून दाखव."

त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. जोरात नाही. शिलाईच्या रेषेवर टर्रकन फाटत गेलं, वहीचं पान फाटावं तसं. टाका सुटला नाही, कापड सुटलं. माझ्या सुईने त्यात भोकांची रांग पाडली होती.

"उंदराने खाल्लं होतं," मी म्हटलं.

"वर काय ठेवलं होतंस?"

"काही नाही."

त्याने मान डोलावली. विश्वास ठेवला.

"उंदराला कोण काय करणार. त्याने चार बोटं खाल्लं, ते क्लबातल्या माणसाने तासात नीट केलं असतं. तू हातभर खाल्लंस. आता ही जिथे बनली तिथेच जायला पाहिजे, समुद्रापलीकडे. परत येईस्तोवर माझी पंचेचाळिशी उलटेल. बोलला का नाहीस रे?"

मी टेबलावरचे दोरे वेचायला लागलो.

"कात्री दे."

माझ्या कात्रीला मी बायकोला हात लावू देत नव्हतो. दिली. खराब छत्री अख्खी ठेवायची नाही असा छत्रीवाल्यांचा नियम. नाहीतर कोणीतरी भरवशाने पाठीला बांधून उडी मारेल. आधी दोऱ्या कापल्या, मग कापड. कात्री भरकटत होती. माझ्याने बघवेना.

"वाकडं कापतोयस, फौजी."

"पँट शिवायचीय का याची?"

मी पलीकडचं टोक ताणून धरलं. मग सरळ कापलं गेलं. सगळं होईपर्यंत धरून होतो. टाका चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

त्यानंतर तो आला नाही. विठ्ठलवाडीची खोलीही सोडली. काही वर्षांनी कळलं, बदलापूरजवळ सोनिवलीत नव्या इमारतीच्या कामावर वॉचमन आहे. तांदळाचं सांगायचं ठरवून गेलो.

चौथ्या मजल्यावर, कठडा नसलेल्या स्लॅबच्या अगदी कडेला उभा होता. केस पांढरे झालेले. खालून हाक मारली, "फौजी!" त्याने डोळे बारीक करून बघितलं, ओळखलं.

"काय मास्तर! खाली कापड धरतोस का? येतो!"

आणि एक पाय हवेत पुढे केला. मी ओरडलो. गवंडी हसायला लागले, तोही हसला, अगदी खोकला येईपर्यंत. मग पाय मागे घेतला आणि आत गेला.

जिना समोरच होता. चार मजले ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. परत बाहेर येईल म्हणून वर बघत राहिलो. मान दुखायला लागली तेव्हा रिक्षा पकडली.