क्लबचं दार माझ्याकडे होतं

लहानपणी माझी शाळा दरवर्षी दिवाळीला सुटायची ती पाऊस जवळ येईपर्यंत. बाकीच्या मुलांची सुट्टी संपायची, माझी संपत नसे. दिवाळी झाली की आई-बा आम्हाला घेऊन डोंगरातून खाली वीटभट्टीवर यायचे. आमची शेती पावसाच्या भरवशाची. तिच्यातला भात दिवाळीपुढे फार टिकत नसे. भट्टीवर पाल ठोकायचं, विटा उलट्या करायच्या आणि मास्तर शोधत आले तर आईने सांगायचं, "पोरगी मामाकडं गेलीय."

नंतर बा बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल चढवायला लागला, आई दुसरीकडे पॅकिंगला. बेटेगावात भाड्याची खोली घेतली, तेव्हा कुठे माझी शाळा वर्षभर चालायला लागली. मी दहावी झाले, बारावी झाले आणि पालघरला कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही.

तिसऱ्या वर्षाला असताना घरात संशय शिरला. कारण होतं एक क्लब.

हा क्लब कुठेच नव्हता. मोबाईलवर आमचा एक ग्रुप होता, मराठीत लिहिणाऱ्यांचा. आम्ही मिळून एक शहर आणि त्या शहरात एक नाईटक्लब रचला होता. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं. कोणी गाणारी, कोणी गल्ल्यावरचा, कोणी रोज येऊन भांडणारं गिऱ्हाईक. एकाने लिहायचं, 'मी ओला कोट झटकत आत येतो,' की दुसऱ्याने पुढचं. खरं नाव विचारायचं नाही, खेळाबाहेरचं काही बोलायचं तर कंसात, हे नियम.

मी दारावरची होते. आत कोणाला घ्यायचं ते मी ठरवायचे. ग्रुपमध्ये घ्यायचं-काढायचंही म्हणून माझ्याकडेच दिलेलं. नाईटक्लबचं दार मी जन्मात पाहिलं नव्हतं. एमआयडीसीतल्या चिमणीवरचा लाल दिवा उचलून मी तो क्लबच्या दारावर लावला. आतला ठोका हळदीच्या डीजेचा, मांडवामागे उभं राहिलं की छातीत वाजतो तसा. सगळ्यांना वाटायचं, ही मोठ्या शहरातली असणार. मी वाटू द्यायचे.

आमची रात्र दुपारी व्हायची. कॉलेज सकाळचं, आई-बा कामावर. जेवून मी दाराशी बसायचे आणि क्लब उघडायचे.

एका दुपारी शेजारची मावशी विरजण मागायला आली. मी वाटी आणायला उठले, मोबाईल तसाच उघडा. त्यावर होतं, 'लवकर ये, तू नसलीस तर क्लब कोण उघडणार? गिऱ्हाईकं खोळंबलीत.'

मावशी विरजण न घेताच गेली.

संध्याकाळी तिने ते आईच्या कानावर घातलं. आईने माझी ओढणी धुवायच्या आधी नाकाला लावली. दुसऱ्या दिवशी बॅग उपसून ठेवलेली. कॉलेजातून आले की विचारायची, "आज काय शिकवलं?" आणि मी सांगत असताना माझ्या डोळ्यांत बघत राहायची, जसं काही मी पिऊन आलेय.

बाची तऱ्हा वेगळी. तो सुट्टीच्या दिवशी क्लब शोधायला निघाला. रिक्षावाल्याला म्हणाला, "वो रात का क्लब किधर है?" रिक्षावाल्याने त्याला तारापूरकडच्या एका कॉलनीच्या क्लबच्या गेटवर नेऊन सोडलं. तिथला वॉचमन म्हणाला, "मेंबर हो क्या, चाचा?"

बा घरी आला तो भडकूनच. "तिथं म्हातारे कॅरम खेळतायत. ह्या पोरीचा क्लब तो नाय! ह्ये कायतरी दुसरंच हाय."

"कालेज बंद," आई म्हणाली. "परीक्षा गेली खड्ड्यात. मावशीनं सगळ्या चाळीत सांगितलंय, आमची पोरगी क्लबात गिऱ्हाईकं बघते म्हणून."

तीन वर्षं पुरी व्हायला एक परीक्षा उरली होती. मी मोबाईल बाच्या हातात दिला. बाला वाचता येत नव्हतं, म्हणून परत घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"म्हंजे दारू पितात?" आई.

"लिहितात, आई. पीत कोणीच नाही."

"लिवून दारू पितात! मग येड्यांचाच बाजार."

मी बाकडे वळले. "बा, बोहाड्यासारखं आहे हे."

बोहाडा म्हणजे आमच्या गावचा सोंगांचा उत्सव. माणसं मुखवटे चढवून देव होतात, राक्षस होतात, वाजंत्रीवर नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं ते ठरलेलं. आमच्या घराकडे त्राटिका. तरणा असताना बा त्राटिका व्हायचा.

"तुला कोणी राक्षसीण म्हटलं का?" मी विचारलं.

आई फिसकन हसली. "मी म्हणायची."

बा हसला नाही. "मुखवट्याच्या आत कोन हाय ते आख्ख्या गावाला ठाऊक असायचं. म्हनून माझ्या म्होरं बायापोरं उभी ऱ्हायची. तुझ्या क्लबात कोन हाय, तुला ठाऊक हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आणि एकाबद्दल मलाही खटकत होतं. क्लबचा मालक झालेला तो, कंसात माझा फोटो मागायचा. 'तुला कुठलं स्टेशन जवळ?' हेही विचारून झालेलं.

"दार तुझ्याकडं हाय ना?" बा म्हणाला. "मग इचार."

"विचारलं तर नियम मोडतो."

"मोडूदे. नायतर कालेज बी मोडलं."

तिथेच, दोघांच्या मध्ये बसून, मी कंसात लिहिलं: खेळाबाहेर कोण काय करतं आणि कुठे राहतं, एवढं प्रत्येकाने सांगावं. न सांगेल त्याला आज दार बंद.

थोडा वेळ काहीच आलं नाही. आई म्हणाली, "बघ, पळाले." मग एकेक उत्तर आलं. गाणारी नांदेडकडे मेडिकलच्या दुकानात होती. गल्ल्यावरचा निवृत्त पोस्टमन निघाला. भांडणारं गिऱ्हाईक म्हणजे दोन लेकरांची आई, ती म्हणाली, घरात भांडता येत नाही म्हणून इथे भांडते. मी सगळं वाचून दाखवत होते. माझंही लिहिलं: बेटेगाव, बोईसर. बाप माल चढवतो.

मालकाने लिहिलं, 'असा नियम नव्हता.' मग मला एकटीला मेसेज आला, 'तुला सांगतो, पण भेटून. बोईसर ना? कधी येऊ?'

हा मेसेज फक्त मलाच दिसत होता. तोही मी मोठ्याने वाचला.

"ह्याला भायेर काढ," आई म्हणाली. क्लब नको म्हणणारी बाई आता क्लबमधून माणूस काढत होती.

मी काढला. त्याचा नंबरही ब्लॉक केला. बाने विचारलं, "परत आला तर?"

"दार माझ्याकडे आहे."

"बरं," बा म्हणाला. "परीक्षेला जा."

आईचा संशय काही गेला नाही. परीक्षा संपेपर्यंत ती माझी बॅग बघत होती. शेवटच्या पेपरला बा सुट्टी टाकून पालघरला माझ्याबरोबर आला आणि मी बाहेर येईपर्यंत गेटसमोर उभा राहिला. माझ्या सोबतीला आला की नजर ठेवायला, मी विचारलं नाही.

मी पास झाले. बी.ए. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.